हलकी डबी

मानवतच्या सोनाराकडून माझी चांदीची डबी आली त्या दिवशी मी तीनदा आरशासमोर जाऊन आले. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग अंगावर असतं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात बांधायचं. ते अंगावर नसताना तोंडात घास घालायचा नाही. माझं लिंग इतकी वर्षं साध्या सुती फडक्यात होतं, सासूबाईंसारखंच. आता मात्र चांदीची डबी! वर नंदी कोरलेला, कडेला घुंगरं आणि टिच्चकन लागणारी खिट्टी. चुलत दिराच्या लग्नात ती घालायची म्हणून मी आठवडाभर नुसती नाचत होते.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चांगली हाय." मला ते फार लागलं.

मंडपात माझ्या साडीकडे कुणी पाहिलंच नाही, सगळ्यांची नजर गळ्याकडे. जावांनी डबीचे फोटो काढले. "चांदीची असून किती हलकी," एक जण म्हणाली. मग काय, मी सोनाराच्या हाताचं तोंडभर कौतुक केलं.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली. मी उठले तर सासूबाईंनी हात धरला. "थांब की. घाई काय हाय?" दुसऱ्या पंगतीलाही तेच. त्या स्वतःही बसेनात. भुकेनं माझं डोकं फिरलं. यांना डबी खुपते, दुसरं काय, असं मी मनात दहा वेळा म्हटलं असेल.

तेवढ्यात नवरदेवाची आजी शेजारी येऊन टेकली. "खिट्टी कशी उघडती, दाव की." सकाळपासून मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. मोठ्या तोऱ्यात खिट्टी दाबली. आत काहीच नव्हतं.

आजीनं एकदा डबीत पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच मान वाढप्यांकडे फिरवली. मग मला आठवलं. सकाळी पूजा झाली तेव्हा नवरा एसटी चुकेल म्हणून बाहेरून ओरडत होता. हातांनी सवयीनं लिंग जुन्या फडक्यात बांधलं, त्या घाईत ते देवघरातच राहिलं आणि मी रिकामी डबी गळ्यात अडकवून निघाले होते. आणि अशीच जेवायला बसणार होते.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले आणि उघडी डबी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी पदर थोडा सारला. गळ्यात दोन फडकी होती, एक त्यांचं आणि एक माझं.

"कुलूप लावायच्या आधी दिसलं," त्या म्हणाल्या. "गाडीतच सांगनार व्हते. पन तू एवढी खुशीत व्हतीस, सांगवंना. म्हनलं, गर्दी हटली की सांगू."

त्यांनी माझं फडकं स्वतःच्या हातांनी माझ्या गळ्यात बांधलं. मी डबी काढून पिशवीत टाकली.

शेवटच्या पंगतीपर्यंत बुंदी संपली होती. बुंदी म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. त्या वरणभात कालवून भराभर जेवत राहिल्या.