ताठ लोंब्या

बाळकुम सोडलं तेव्हा टेम्पोत आई, मी, एक ट्रंक आणि बाबांच्या भाताच्या बियाण्याचं गाठोडं होतं. बाबा गेल्यावर काकांनी खाडीकडचं सामाईक शेत आम्हाला न विचारता बिल्डरला दिलं. टेम्पो निघताना ते ओट्यावरून म्हणाले, "पोरीला कशाला पायजे शेत? पळिंज ती. दिसते लोंबी, आत दाना नाय." शहाडच्या खोलीत पोचल्यावर आईने आधी बियाण्याचं गाठोडं उतरवलं. मग म्हणाली, "ध्यानात ठेव."

ठेवलं. आज मी हैदराबादजवळ भाताच्या फुलांवर काम करते. आमच्या पळिंजाला इथे 'स्टराइल' म्हणतात. संकरित बियाण्यासाठी असं एक वाण मुद्दाम राखतात. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या फुलांत पराग तयार होत नाहीत. शेजारच्या भाताचे मिळाले तरच दाणा भरतो. त्याची लोंबी पानाच्या वेष्टनात अर्धी अडकते, कारण वरच्या कांड्यात जिबरेलिन हे संप्रेरक कमी पडतं. ते फवारलं की लोंबी पूर्ण बाहेर येते. लांब, देखणी.

काका आता त्याच शेतावरच्या टॉवरमध्ये राहतात. गावदेवीला नव्या भाताच्या लोंब्या वाहण्याचा मान आमच्या घराचा, पण बाळकुमला भात उरलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. "बाय, तू भातवाली ना? चांगल्या लांब लोंब्या आन. गावात दिसलं पायजे."

मी ते वाण इतर भातापासून दूर, कुंडीत वाढवलं. वेळेवर फवारलं. लोंब्या स्वतः घेऊन गेले, वाटेत शहाडहून आईलाही सोबत घेतलं.

त्या लोंब्या काकांनी देवळात सगळ्यांना दाखवल्या. भरलेली लोंबी वाकते, या ताठ होत्या. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. रिवाजाप्रमाणे घरच्या कर्त्याने दाणे सोलून देवीपुढे ठेवायचे असतात. काकांनी एक सोलला, दुसरा, तिसरा. मागून एक म्हातारी म्हणाली, "दादूस, तुज्या हातान कोंडाच हाय की रं."

कोणीतरी हसलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"पळिंज आहे, काका," मी म्हणाले. "दिसते लोंबी."

आईला मी आधीच सांगितलं होतं. तिने पदराखालून एक लोंबी काढली. बाबांचं बियाणं ती दरवर्षी शहाडला, खोलीमागच्या ओलीत पेरते. लोंबी आखूड होती, वाकलेली. तिने दाणे सोलले आणि देवीपुढे ठेवले. काका बाजूला सरकले.

त्यांचा फोन पुन्हा आलेला नाही. मूळ गाव कुठलं, असं इथे कोणी विचारलं की पूर्वी मी बाळकुम सांगायचे. आता शहाड सांगते.