खरातबाईंची साक्ष

आमच्या शाळेत सकाळी हजेरीपटाजवळ खोळंबा व्हायचा तो खरातबाईंमुळे. आम्ही बाकीचे शिक्षक पेनाचा एक फटकारा मारून मोकळे. बाई मात्र रोज पूर्ण नाव लिहायच्या, सुमन रामभाऊ खरात, एकेक अक्षर सुटं, वर नीट रेघ ओढून. कुठलाही कागद पुढे आला की ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. मागून कोणी कुरकुरलं तर मान वर न करता म्हणायच्या, "सही म्हंजे मी सोताच तिथं बसून राह्यले. कुठं बसून राह्यले ते तरी पाहू द्या की."

बाई हसनाबादकडच्या. वडीगोद्रीजवळच्या आमच्या शाळेत त्यांची बदली झाली तेव्हा नवरा वारलेला होता आणि मुलगा नोकरीसाठी पुण्यात. त्यांना खोली हवी होती. आडनाव सांगितलं की गावातली रिकामी खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली असायची. शेवटी काशीनाथदादांनी दिली. शाळेसमोरच त्यांचं घर. पुढे गारेगारचा छोटा कारखाना, मागे ही खोली. दादांच्या वडिलांपर्यंत मेंढरं होती. दादांनी ती विकून फ्रीजर घेतले आणि प्लॅस्टिकच्या नळीतलं लाल-पिवळं गारेगार बनवायला लागले. बाईंचं आडनाव ऐकून ते म्हणाले, "नळाला पाणी येतं का ते इचारा, बाई. बाकीचं मी बी इचारत न्हाई." बुद्धाच्या तसबिरीसाठी भिंतीत खिळा त्यांनीच ठोकून दिला. वर्षभरात दादांची बायको बाईंची वैनी झाली आणि तिच्या टोपल्यातली एक भाकरी रोज मागच्या खोलीत जाऊ लागली.

एका उन्हाळ्यात, शाळा सुटायच्या वेळेला, अन्न सुरक्षा अधिकारी दादांच्या दारात आले. गारेगारचा नमुना घ्यायचा होता आणि पंच म्हणून सही करायला माणूस हवा होता. टपरीवाला गिऱ्हाईक सोडून आत गेला. फटफटीवर बसलेले दोघे किक मारून निघाले. बाई आणि मी फाटकातून बाहेर पडत होतो. दादांनीच हाक मारली, "बाई, तुमीच या. तुमी बराबर वाचून करसाल. माझ्या मालात कायबी न्हाई." बाईंनी डोक्यावर पदर घेऊन, उन्हात उभं राहून सगळं वाचलं. नमुन्याचे चार भाग होताना पाहिले, सील लागताना पाहिलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.

काही आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आला. गारेगारमध्ये सॅक्रिन होतं, कायद्याच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त. शिवाय कृत्रिम गोडी घातल्याची सूचना पाकिटावर कुठेही नव्हती. दादा जालन्याच्या एका दुकानातून गोडीची पावडर आणायचे. साखर परवडेना तशी सगळेच आणायचे. ते कागद घेऊन आमच्या ऑफिसात आले. "मला एवढं सांगा, बाई. थोडं टाकलं तर चालतं म्हणतेत अन् जास्त झालं की गुन्हा. ते जास्त म्या चमच्यानं कसं वळखावं?"

दादा गेल्यावर बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मधली सुट्टी होती, मैदानात लाल जिभा काढून पोरं एकमेकांना दाखवत होती. "लेकरं किती खातेत ते कोणी मोजत न्हाई, मीना," त्या मला म्हणाल्या. "एक संपलं की दुसरं. अन् सुट्टीची घंटा मीच देते."

केस अंबडच्या कोर्टात उभी राहिली आणि साक्षीदारांत बाईंचं नाव आलं. मग गावातली माणसं एकेक करून यायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, वैद्यकीय रजा टाका. एका पुढाऱ्यानं घरी येऊन शिकवलं, "म्हणा, सही कर म्हणले, म्या केली. वाचलंच न्हाई." बाई त्याला म्हणाल्या, "हे तर अख्ख्या गावाला खोटं वाटंल." तो हसला नाही. जाताना दारातून म्हणाला, "ज्याच्या छपराखाली ऱ्हाता, त्याच्याच इरुद्ध जाता व्हय?"

दादांच्या घरून भाकरी मात्र रोज यायची. वैनी झाकण काढून ठेवायची आणि पूर्वीसारखी बसायची नाही, एवढाच फरक. बाईंना ती भाकरी गिळवत नसे आणि परतही पाठववत नसे. खोली बदला, असं मी सुचवलं. "कुठं जाऊ? गेले तर म्हणतील, अडकवलं अन् पळाली. अन् मला दुसरी खोली देणारा कोण बसलाय हितं?"

तारखेला दोघं एकाच एस.टी.नं जायचे, आरोपी आणि साक्षीदार. दुसरी गाडी सोयीची नव्हती. दादा आधी चढून खिडकीच्या जागेवर आपला रुमाल टाकून ठेवायचे, बाई आल्या की उचलून मागे जाऊन बसायचे. कोर्टात पुढची तारीख पडायची. पुन्हा तीच एस.टी., पुन्हा तोच रुमाल. असं दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत चाललं.

साक्षीच्या दिवशी मी सोबत होते. शपथ घेऊन बाईंनी जे पाहिलं ते सांगितलं, आवाज बारीक पण सरळ. मग दादांचे वकील उठले. "आरोपीनं तुम्हाला खोली खाली करायला सांगितलं होतं. तुम्ही जातीवरून केस करायची धमकी दिली. त्या रागातून ही साक्ष देताय, हे खरं आहे ना?"

बाईंनी कठड्याला धरलं. त्या दादांकडे पाहत राहिल्या. दादा खाली मान घालून उभे होते. ती त्यांनी वर केली.

"साहेब, हे बिलकुल खोटं हाये. बाईला म्या कधी ऊठ म्हणलं न्हाई. बाई मला कधी वाकडं बोलली न्हाई. हे वकिलाला म्या सांगितलेलं न्हाई."

न्यायाधीशांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं. वकिलांनी कागद चाळले आणि पुढे काही विचारायचं नाही म्हणाले. दादांकडे होता तो बचाव दादांनीच मोडला होता.

परतताना खिडकीच्या जागेवर रुमाल होताच. बाई बसल्या आणि गाव येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. उतरल्यावर मला म्हणाल्या, "त्यांनी शिव्या द्यायला पाहिजे होत्या, मीना. मंग मला भांडता आलं असतं."

निकाल लागला: दंड आणि त्या दिवशी कोर्ट उठेपर्यंत कैद. बाईंना जायची गरज नव्हती, तरी त्या गेल्या आणि दादा बाहेर येईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. पुढे दादांनी फ्रीजर विकले आणि हायवेवरच्या ढाब्यावर गल्ला सांभाळायला लागले. बाई निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. रोज सकाळी त्या कारखान्याच्या बंद शटरसमोरून शाळेत यायच्या. पोरं आता पलीकडच्या दुकानातून गारेगार आणायची. बाई एकेकाच्या हातातलं पाकीट घेऊन त्यावरचं बारीक अक्षर वाचून पाहायच्या आणि न बोलता परत द्यायच्या.

त्या गाव सोडून जालन्याला, आपल्या हसनाबादच्या बाजूला, राहायला गेल्या त्या दिवशी मुलगा टेम्पो घेऊन आला होता. दादांनी स्वतः कपाट चढवलं, दोर बांधला. बाईंनी खोलीची किल्ली पुढे केली. दादा दोराची गाठ आवळत राहिले. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाले. बाईंनी वैनीपुढे हात केला. वैनी मागे सरली. "त्यांनी घेतली न्हाई, मी कशी घिऊ?"

मागच्या दिवाळीत मी बाईंकडे गेले होते. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला होती. माझी नजर गेली तशी म्हणाल्या, "माफ केलं म्हणून ठिवली माझ्यापाशी, का इसरू नये म्हणून, काय कळत न्हाई. महिन्या-दोन महिन्याला परत द्यायला निघते. स्टँडवर अंबडची गाडी लागलेली असती. कंडक्टर इचारतो, येता का बाई? मी म्हणते, तुमी व्हा पुढं, मी मागच्या गाडीनं येते."