मागाचा खड्डा

आमच्या घरातला माग आमचा नव्हता. तो सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचा होता. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. मार्क्सवादावरचं पुस्तक हाती आलं तेव्हा ते आमच्याच घराविषयी लिहिलंय असं मला वाटलं.

माझ्या मोठ्या बहिणीला नवऱ्यानं टाकलं होतं. कामठीहून ती परत आली आणि दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरू लागली. त्याच वर्षी वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. धागा तुटला तरी त्यांना दिसेना. दिवाळीपर्यंत लुगडी आली नाहीत तर माग उचलून नेतो, असं व्यापारी सांगून गेला. मला विणता येत नव्हतं. बहिणीला पाहून पाहून येत होतं. पण विणायला मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसावं लागतं, आणि आमच्यात बाई तिथं बसत नाही. मागाला विटाळ होतो म्हणतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात जाणारी प्रत्येक कांडी तिच्या हातची, त्या कांडीचा विटाळ मात्र कधी झाला नाही.

सीताबर्डीवरच्या एका खोलीत आमचं अभ्यासमंडळ भरे. तिथं ऐकलेलं मी बहिणीला सांगितलं. बाईच्या गुलामीचं मूळ खाजगी मालकीत आहे. मालकी गेली की गुलामीही जाईल.

"मालकी कोणाची, बाबाची?"

"बाबाची कुठली? व्यापाऱ्याची."

"मंग बाबाजवळ तं काहीच नाही. तरी मले बसू नको म्हणणारा बाबाच हाय ना गा?" तिनं रहाट थांबवला नाही. "खड्ड्याचं काही लिहून नाही का तुझ्या पुस्तकात?"

पाहून सांगतो, म्हणालो.

पुढच्या बैठकीत बहिणीचा प्रश्न मी माझाच म्हणून विचारला. मंडळात एकच मुलगी होती. पोरं तिला 'स्वातंत्र्यवाली' म्हणत. ती म्हणाली, "पुरुषाची सत्ता हे वेगळं कारण आहे. ज्याच्या मालकीचं काहीच नाही, त्याच्याही घरात बायको असते, मुलगी असते." आमचे पुढारी म्हणाले, विटाळ हा जुन्या मालकीव्यवस्थेचाच अवशेष, समाजाचा आर्थिक पाया बदलला की तोही जाईल.

"तोवर त्या बाईनं काय करावं?" तिनं विचारलं.

पुढाऱ्यांनी पुढच्या बैठकीचा दिवस सांगितला. उठताना एकजण मला म्हणाला, प्रश्न छान काढलास. मी हसलो.

ती मुलगी आणि पुढारी, या दोघांपैकी कोण बरोबर, हे मला अजूनही ठरवता येत नाही. व्यापाऱ्याची मालकी नसती तर पुढे माग गेलाच नसता, हे खरं. पण तो वाचवणारे हात घरातच होते, हेही खरं.

बहीण म्हणाली, "मले मागावर बसू दे, असं तू बाबाले एक डाव म्हणून पाह्य. शिकलेल्याचं ऐकते तो."

मी वडिलांजवळ जाऊन बसलो. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "तू कालेज सोडून बसतं का मागावर? नाही तं जाऊ दे. पोरीले बसवलं तं समाजात तोंड कसं दाखवू मी?"

वाद घातला तर कॉलेज सुटेल, ही भीती मला वाटली. रहाटाचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"जाऊ द्या, बाबा," मी म्हणालो.

दिवाळीआधीच माग गेला. बहिणीला भिवापूरला काकांकडे, मिरच्यांचे देठ खुडायला पाठवायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी खड्डा बुजवला. मी टोपल्यातून माती आणून ओतत होतो, आणि ती दाबायला बहीण खड्ड्यात उतरली होती. वडील दारातच बसले होते. विटाळाचं कुणीच काही म्हटलं नाही.