आमच्या सोसायटीचं अमेरिकन मशीन

लोहाऱ्याच्या आमच्या सोसायटीत दुष्काळाच्या त्या सालात खत नव्हतं, बी नव्हतं, गोदामात उंदीरसुद्धा टिकत नव्हते. साठा होता तो फक्त किश्शांचा! मी तिथं सेक्रेटरी. दोन माणसं चहाला बसली की आजही एखादा सांडतोच, आणि त्यातले निम्मे त्या मशीनचे.

* * *

चेअरमन आप्पा सोलापूरला गेले ते तिजोरी आणायला. बंद पडलेल्या एका मिलचा लिलाव होता. परत आले ते एसटीच्या टपावर हिशेबाचं मशीन घेऊन! विजेवरचं, अमेरिकन बनावटीचं, वजन रेडकाएवढं.

"आप्पा, तिजोरी?"

"तिजोरीत ठेवायला काय हाय आपल्याकडं? हे घ्या, हे निदान आवाज तरी करतंय."

नारळ फोडला. आमच्या अकाउंटंट कांबळेंनी पहिला हिशेब केला, दोन गुणिले दोन. मशीन ट्रर्रर्र करून गरगरलं आणि चार आले. आमचा शिपाई इस्माईलचाचा म्हणाला, "एवढ्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची काय गरज होती?"

* * *

मशीनच्या पेटीच्या तळाशी दोन नाणी निघाली. जुन्या मिलमधल्या कुणा साहेबाची राहिली असतील. कांबळेंनी एक वाचलं आणि सांगितलं, "हा डॉलरचा चौथा हिस्सा."

चाचा खुर्चीवरनं उठलाच. "अरे मियाँ, ये तो अपनी चवन्नी है!"

त्याचा राग रास्त होता हो. निजामाचा हाली शिक्का शिकला, तो गेला. मग इंग्रजांचा कलदार रुपया शिकला, त्याचे आणे गेले. मग नवे पैसे आले. "तिकडं अमेरिकेत चाराणे चालू हायती, आन आमचेच तेवढे बंद केले!" असं म्हणत तो ते नाणं घेऊन समोरच्या हॉटेलात गेला. हॉटेलवाल्यानं ते दगडावर वाजवून पाहिलं. चांदीचं! दोन चहा दिले, वर दोन बिड्या.

आम्हाला चहा मिळाला नाही ते नाहीच.

* * *

दुसऱ्या नाण्यावर एक दांडगं जनावर होतं. त्या दिवशी सुंदराबाई आल्या होत्या. सास्तूरकडच्या वस्तीवर त्यांचं चार एकर रान, ज्वारी जळालेली, बैल चारा छावणीत. गावात दुष्काळी काम कधी सुरू होतंय, एवढं विचारायला त्या दर आठवड्याला पायी येत. काम निघालं तर मजुरी, नाहीतर पोरांना घेऊन गाव सोडायचं.

त्यांनी नाणं उन्हात धरलं. "म्हैस न्हाय, बैल न्हाय. वशिंड तर केवढं! ह्येला बाजारात कोण घील?"

आप्पा म्हणाले, "बाई, अमेरिकेत पैशावर छापलंय ते."

"बरं केलं की! तिथं चारा लागत न्हाय."

* * *

आप्पांनी मशीनचा खरा उपयोग शोधला तो वार्षिक सभेत. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की ते माझ्याकडं बघत, मी बटण दाबी. ट्रर्रर्रर्र! प्रश्न त्यातच गडप. "हिशेब चालू हाय, जरा दम धरा," असं म्हणून आप्पा पुढचा विषय घेत.

तिसऱ्या प्रश्नाला लाईट गेली. सभा रात्री आठपर्यंत चालली!

* * *

आता शेवटचा. आणे खिशातनं गेले तरी रानातनं गेले नव्हते. पीक अजून आण्यातच मोजत. सोळा आणे म्हणजे भरपूर. आणेवारी खाली आली तरच दुष्काळ जाहीर, आणि जाहीर झाला तरच काम. ती ठरवायला तहसीलचे साहेब आले आणि मशीन बघून आमच्याकडंच बसले. बाहेर सगळा गाव. साहेब कावलेले. "सगळेच कसं म्हणता काही आलं नाही? बाई, किती पेरलं?"

"चार पायल्या," सुंदराबाई म्हणाल्या.

"आलं किती?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हणजे किती? बघूच एका पायली पिकामागं किती बी लागलं ते!" साहेबांनी स्वतःच्या बोटांनी चार दाबले, भागाकार दाबला, शून्य दाबलं.

कांबळे "अहो साहेब, शून्यानं भाग जात..." म्हणेपर्यंत मशीन सुटलं. ट्रर्रर्रर्रर्र! थांबेचना. साहेबांनी सगळी बटणं दाबली. आप्पांनी थापटलं. टेबल हलायला लागलं, हॉटेलातली माणसं पळत आली. कुणी हसेना.

"काय करायलंय ते?" सुंदराबाईंनी मला विचारलं.

"तुमचं पीक शोधतंय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

त्या पुढं होऊन मशीनवर वाकल्या. मग म्हणाल्या, "हुडकू द्या. आमीबी रानभर असंच हुडकलं."

साहेबांनी वायर उपटली. कागदावर काहीतरी लिहिलं, कुणाला दाखवलं नाही, चहा न घेताच जीपमध्ये बसले.

पुढच्या सोमवारी सुंदराबाईंच्या गावात खडी फोडायचं काम निघालं. मी सायकलवरनं तिकडनं चाललो होतो. त्यांनी हातोडी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि लांबूनच हाक मारली,

"सेक्रेटरी, मशीनला काय घावलं का वो?"