भोंगा होईपर्यंत

यार, आमच्या टाउनशिपमधल्या रिटायर्ड काकांचे किस्से इतके साचलेत ना, एक सांगायला घ्यावा तर चार बाहेर पडतात. आणि दर वेळी जळफळाट माझाच!

आधी नियम ऐका. सकाळी पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या, आणि कारखान्याचा भोंगा झाल्याशिवाय थांबायचं नाही. नोकरी संपून जमाना झाला, पण भोंगा सुटत नाही! टोळीतले हीरो दोन: माझे बाबा आणि मूळचे नागपूरचे वानखेडे काका.

एकदा मीपण गेले. चढावर काका सावजी मटणाची अख्खी रेसिपी सांगत होते. मी फक्त "हं... हं..." काका म्हणाले, "पोरी, ऐकून राहिली का गचकून राहिली?"

*

आनंद नगरला साखरपुडा होता. चौथा माळा, लिफ्ट बंद. दोघं सरसर वर! मी दुसऱ्या माळ्यावर बसकण मारली. तर काकाच पाणी घेऊन खाली आले, वर सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं ओरडत, "थांबा रे, आधी जवान लोकांना पाजू द्या!"

*

शुगरचा रिपोर्ट म्हणजे दोघांची बोर्डाची परीक्षा. एकदा बाबांची काकांपेक्षा चांगली आली. पुढच्या टेस्टच्या आदल्या दिवशी काका जवाहर चौकातून गरम जिलेबी घेऊन हजर! "घ्या ना साहेब, तुमची तर नॉर्मल आहे!"

बाबांनी शांतपणे काकूंना फोन लावला. "वहिनी, वानखेडे इथे जिलेबी खातोय. चालतं ना त्याला?"

*

मग एम. पी. नगरला माझ्या ऑफिसात चेकअप झालं. माझी शुगर बॉर्डरवर! ह्या वयात! बाबा म्हणाले, "वानखेडेची नाडी बघ, घड्याळासारखी. शाबास त्याची!"

शाबास?! दहावीत फर्स्ट क्लास आणला तेव्हा मला नुसतं "ठीक आहे" मिळालं होतं! ठरवलं, एकदा तरी ही शाबासकी काकांच्या हातून हिसकावायचीच.

*

तर परवा. दुसऱ्याच फेरीत माझा दम संपला, दुधाच्या बूथपाशी बसले. बूथवाले भैया म्हणाले, "दीदी, आज सायरन नहीं बजेगा, खराब पड़ा है."

बाबा नेमके तेव्हाच शेजारून गेले. थांबले नाहीत.

ऊन चढलं. दोघांपैकी कोणी थांबेना. काका पहिल्यांदाच अर्धी फेरी मागे, शर्ट पिळून काढावा असा! बूथपाशी येऊन धापा टाकत म्हणाले, "पोरी... भोंगा झाला का गं?"

"अजून नाही, काका!"

काका पुढे गेले. थोड्या वेळाने वळसा घालून बाबा आले, टाकीपलीकडे काका अजून चालतायत हे बघत. माझ्याकडे न बघता, पाय न थांबवता, हळूच म्हणाले,

"शाबास!"