पूर्वजांच्या वाट्याचं बी

कुठलंही बी घरात आलं की त्यातली चिमूट मुआयजा आधी कुळाच्या झाडाखालच्या पूर्वजांना द्यायची. ज्वारी असो, भुईमूग असो, शेजारणीनं दिलेल्या भोपळ्याच्या बिया असोत. कुळातली थोरली बाई म्हणून ते काम तिचंच होतं. दुसऱ्या कुणी त्या झाडाखाली पाय ठेवायचा नाही. आणि वाटा द्यायचा तो कच्च्या बियाचाच, विस्तव न दाखवलेल्या. मातीत झोपलेल्यांना मातीत रुजणारंच लागतं. इतकं साधं काम, पण त्यानंच तिच्या घराचा घात केला. आमच्या मकुवा जमातीतल्या बायका हे अजूनही दबक्या आवाजात सांगतात. दबकायचं काय त्यात? तिनं चोरी नव्हती केली.

पोर्तुगीजांच्या राज्यात कापूस कंपनीचा मोजणीचा दोर आमच्या मुलखात आला, तेव्हा ओढ्याकाठची सगळी चांगली जमीन त्या दोराच्या आत गेली. दोरानं मोजून प्रत्येक बाईला तुकडा दिला: लाव कापूस. कापूस खाता येत नाही, हे त्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. ज्वारीची खुरपणी आणि कापसाची खुरपणी एकाच वेळी यायची, आणि ज्वारी गवतात बुडायची. पुरुष आधीच घायपाताच्या मळ्यांवर नेलेले. बायका रानातली कडू कंदमुळं ओढ्यात भिजत घालून मुलांना भरवायच्या आणि रात्रभर त्यांची पोटं चाचपत बसायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर ठाण्यावर भोकं पाडलेली लाकडी थापी होती, तिच्या मारानं तळहात सुजून टम्म व्हायचे. त्याहून मोठा गुन्हा असेल तर जहाजात घालून कोकोच्या मळ्यांवर राबायला बेटावर. तिकडून परत आलेलं माणूस आम्ही पाहिलं नाही.

युक्ती मुआयजाचीच. बियाण्याची पोती वाटून झाल्यावर ओढ्यावर बायका जमल्या होत्या.

"कढत पाण्यातून काढा," ती म्हणाली. "पेरा म्हणतात ना, पेरू की. उगवायचं का नाही ते आपल्या हातात थोडंच आहे?"

"मावशी, मीठ घालू का गं थोडं?" शेजारची झुरा म्हणाली. तिची जीभ सतत वळवळायची. "सिन्योरसाहेबाला वाढायचं असेल तर अळणी नको."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी हसत होत्या बिचाऱ्या.

पेरणीला मुकादम अमाडे वारुळावर बसून राहिला होता. तो आमच्यातलाच, पलीकडच्या गावचा. त्यानं प्रत्येकीची ओळ नीट पाहिली. बायकांनी मान खाली घालून पेरलं, पाऊसही वेळेवर पडला, आणि एक कोंब वर आला नाही. शेत उगवलं नाही म्हणून अमाडेला ठाण्यावर नेऊन थापीनं बडवला. कंपनीचा गोरा साहेब, सिन्योर टेलिश, येऊन माती कुस्करून गेला. जाताना म्हणाला, आणखी एक हंगाम बघू. पुन्हा असंच झालं तर ही माती कामाची नाही, दोर उचलून नदीपल्याड नेऊ. बस, गावाला एवढंच हवं होतं. एक हंगाम रेटायचा, मग ओढ्याकाठी पुन्हा ज्वारी.

पण त्याच पावसाळ्यात अतिजाचं तान्हं गेलं. अतिजा म्हणजे मुआयजाच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. आमच्यात कूळ चालतं ते मुलींकडून, आणि या कुळात आता अतिजा एकटीच होती. तिचं दूध आटलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं की पोर भुकेनं गेलं. मुआयजालाही ठाऊक होतं. तरी तिच्या मनात एक किडा वळवळायला लागला: त्या वर्षी कापसाचं बी घरात आलं, आणि आपण पूर्वजांना त्यातलं काही दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच चुकलं.

नवरा मळ्यावरून चार दिवस येऊन गेला होता, आणि पुढच्या पेरणीला अतिजा पुन्हा गरोदर होती. बी कढत पाण्यात टाकण्याआधी मुआयजानं एक मूठ बाजूला काढली आणि पहाटे कुणाला न सांगता झाडाखाली पुरली. चिमूट नाही, मूठ; मागच्या वर्षीचंही देणं होतं ना.

शेत उघडंबोडकं राहिलं. झाडाखाली मात्र कोंब आले, आणि कापूस कमरेइतका वाढला. अतिजाला तो लांबून दिसला तशी ती धावत घरी आली.

"मावशी, झाडाखाली हिरवं काय आहे?"

"गवत."

"मला गवत कळत नाही होय? उपटून टाक ते."

"दिलेलं परत घेतात का, बाई?"

"मग मी उपटते."

"तिथं पाय ठेवशील तर मला मेलेलं बघशील." मुआयजानं तिचं मनगट धरलं. "एक गेलं तेवढं पुरे नाही झालं? पोटातल्याचा तरी विचार कर."

अतिजानं मनगट सोडवून घेतलं, पण झाडाकडे गेली नाही. तिलाही भीती होतीच. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मुआयजानं फांद्या तोडून झाडाभोवती कुंपण घातलं, वर वाळलं गवत टाकलं. रोज सकाळी ती लांबूनच फटीतून नजर टाकायची आणि रोज ती रोपं तिला वाढलेली दिसायची. तिची झोप उडाली. बोंडं धरली तसं तिचं जेवणही गेलं. गावात बाकी सगळे दोर उचलायची वाट बघत होते आणि ती एकटीच मनातून वाऱ्याला, शेळ्यांना, वाळवीला विनवत होती की कुणीतरी ते खाऊन टाका. शेळ्या नेमक्या तिकडे फिरकत नव्हत्या.

पाऊस सरल्यावर टेलिश शिपाई घेऊन आला. त्यानं सगळं शेत पालथं घातलं. मोकळ्या ओळी बघून पायानं ढेकूळ उडवलं आणि अमाडेला म्हणाला, "मेलेली माती आहे ही. उचल दोर." झुरानं हसू येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरला.

तेवढं बोलून तो गाडीत बसला असता तर? पण ऊन रणरणत होतं, त्याला सावली हवी होती. तो झाडाकडे निघाला.

"सिन्योर, तिकडे नको," अमाडे घाईनं म्हणाला. "तिथं मेलेली माणसं असतात."

"त्यांना सावली कशाला लागते?" म्हणत त्यानं कुंपणाच्या फांद्या बाजूला केल्या. आत कापूस फुटला होता, सगळा पांढराशुभ्र. टेलिशनं एक बोंड तोडलं, धागा काढून लांबवला, पुन्हा लांबवला. मग त्यानं वळून उघड्या शेताकडे पाहिलं.

"एकच पोतं, एकच पाऊस, एकच माती," तो अमाडेला हळू म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "तू यांच्यातला आहेस. सांग मला, हे इथं का आलं आणि तिथं का नाही?"

अमाडेनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. त्यांवरचे वळ अजून पुरते गेले नव्हते. मग त्यानं मुआयजाकडे पाहिलं. ती डोळ्यांनी त्याच्या पाया पडत होती.

"पूर्वजांच्या वाट्याला हे लोक विस्तव लावत नाहीत, सिन्योर," तो म्हणाला. "बाकीचं बी शिजवलेलं असणार."

टेलिशनं ओळीतली माती उकरायला लावली. कुजलेल्या, मऊ बिया निघाल्या.

"कुणाचं डोकं हे?"

"माझं," मुआयजा पुढे झाली. "मी एकटीनं केलं. रात्री सगळ्यांच्या घरातलं बी मीच शिजवलं, यांना कुणाला ठाऊक नाही. मला न्या."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाठीत वाकलेली, दात पडलेले. "बेटावर हिचा काय उपयोग? हिच्यामागं या झाडाचं कोण बघतं? तिलाच नेऊ."

सगळ्यांच्या नजरा नको तिथं वळल्या, अतिजाकडे. मुआयजाचीसुद्धा.

शिपायांनी अतिजाच्या मनगटाला दोरी बांधली. मुआयजा त्यांच्या पाया पडली, मातीत लोळली, पोरगी पोटुशी आहे म्हणून टाहो फोडला. अतिजा रडली नाही. गाडीत चढताना तिनं फक्त एकदा वळून पाहिलं.

"मला उपटू द्यायचं होतंस, मावशी," ती म्हणाली.

दोर तसाच मागं ठेवून गाडी दिसेनाशी झाल्यावर मुआयजा उठली आणि झाडाखाली गेली. सगळ्या गावादेखत ओरडून बोलली, जे त्या जागी आजवर कुणी बोललं नव्हतं. "मूठभर मागितलं असतंत तर पोतं दिलं असतं. माझी पोर का दिलीत त्यांना?" मग तिनं कापसाचं एकेक झाड धरून मुळासकट उपटलं. हात सोलून निघाले तरी थांबली नाही. बायका वाट बघत उभ्या होत्या, आता काय होतंय म्हणून. काहीच झालं नाही. उपटून झालं, आणि ती उकरलेल्या मातीत बसून राहिली.