आवडलेल्या घराला मी नावं ठेवली

जर्सी सिटीतलं ते घर पहिल्यांदा बघायला गेलो, तेव्हा दारातच ते माझ्या मनात भरलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, शंभरेक वर्षांची विटांची इमारत. खाली बेकरी, शेजारी न्हाव्याचं दुकान, आणि त्याची गाणी पार रस्त्यापलीकडे ऐकू येणारी. फुटपाथवर केळ्यांच्या, आंब्यांच्या पेट्या. बस थांबली की चार भाषांत आरडाओरडा. आम्ही सात वर्षं भाड्यानं राहत होतो ती जागा गावाबाहेर, तिथे दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नसे. इथे बायकोनं खिडकी उघडली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, माणसं आहेत की इथे!"

आणि ती खिडकी! बसता येईल एवढा खोल कट्टा, दुपारचं ऊन थेट लाकडी जमिनीवर. माझं शिलाई मशीन कुठे बसणार हे मी मनात ठरवूनही टाकलं.

मी शिंपी. सांगलीत आठवीतून शाळा सुटली, कारण वडिलांची नजर गेली आणि मशीन रिकामं ठेवून चालणार नव्हतं. पुढे बहिणीनं इकडून, अमेरिकेतून, आमच्या व्हिसाचे कागद केले, खूप वर्षांनी आमचा नंबर लागला. आता एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात बसून मी लोकांच्या विजारी आखूड करतो, कोट सैल करतो. या देशात कामाला बसताना मला कुणी मार्कलिस्ट मागितली नाही, याचे उपकार मी रोज मानतो. पण फॉर्म भरायचा म्हटलं की मी अजून पेन दुसऱ्याच्या हातात देतो.

तर त्या दिवशी मी तेच केलं, जे कापडबाजारात आयुष्यभर केलं होतं. ठाण मनात भरलं की चेहरा पाडायचा. चुरगळून बघायचं, उजेडात धरायचं, "रंग जाईल बहुतेक" म्हणायचं. आवडलंय हे व्यापाऱ्याला कळलं की संपलं! बायकोनंही जिन्यातच बजावलं होतं, "आत गेल्यावर हसू नका उगाच."

घराच्या मालकीणबाई आतच बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. शिक्षिका म्हटल्यावर मी आणखीच ताठलो. जमीन करकरली तसा म्हणालो, "फ्लोअर, टू मच नॉइज." स्वयंपाकघरात डोकावून म्हणालो, "व्हेरी स्मॉल." खिडकीच्या चौकटीवर टिचकी मारली, "ओल्ड." बाई दर वेळी नुसती मान हलवत होत्या. शेवटी त्यांनीच उठून दार उघडून दिलं.

आम्ही जवळजवळ उड्या मारतच खाली आलो. बेकरीतून गरम पाव घेतला, फुटपाथवर उभं राहूनच खाल्ला, आणि तिथूनच आमच्या घरांच्या एजंटला फोन केला. हे घर हवंच म्हटलं, ऑफर टाक.

एजंट नागपूरचा, वयानं लहान. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "दादा, काय करून आलात तुम्ही तिथं? बाई नाही म्हणून राहिल्या."

"का? ऑफर कमी पडली?"

"ऑफरचं सोडा हो. घर बघून गेलेल्या बाकीच्या तिघांनी पत्रं लिहिली त्यांना. घर किती आवडलं, मुलं इथे कशी वाढतील, सगळं. अन् तुम्ही घराला नावं ठेवून आलात! त्या म्हणतात, ज्यांना आवडलंच नाही त्यांच्या गळ्यात कशाला मारू? उद्यापर्यंत टाइम मागून घेतलाय मी. लिहा काहीतरी, प्लीज."

पत्र. इंग्रजीत. तेही शिक्षिकेला.

कॉलेजात जाणारी आमची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. "बाबा, जस्ट टेल हर यू लव्ह इट."

"परक्या बाईंना लव्ह कसं लिहू?"

"बाबा! द हाउस!"

"लिहा हो काय ते," बायको आतून ओरडली, "नाहीतर मीच जाऊन पाया पडते त्यांच्या."

मग मी मराठीत सांगत गेलो आणि मुलगी इंग्रजीत टाइप करत गेली. बाई, माझं चुकलं. मी शिंपी आहे. आमच्या धंद्यात ज्याला कापड घ्यायचं नसतं तो छान छान म्हणून निघून जातो, आणि ज्याला घ्यायचंच असतं तो दोष काढत बसतो. तुमची जमीन करकरते, पण माझी मुलगी कधी घरी आली हे मला अंथरुणातून कळेल. स्वयंपाकघर लहान आहे, पण माझ्या बायकोला वळलं की सगळं हाताशी लागेल. खिडकी जुनी आहे, तिच्यातून माणसं दिसतात. आम्हाला माणसं दिसून फार वर्षं झाली.

मुलगी थांबली. "बाबा, धिस इज ॲक्चुअली गुड," म्हणाली आणि पत्र पाठवून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं चित्तच नव्हतं. एका गिऱ्हाईकाच्या विजारीची दुमड उलटीच शिवली, उसवत बसलो. तेवढ्यात फोन. "दादा, बाई परत बोलावताहेत. मी पण येतो."

आम्ही तिघं आणि एजंट, सगळे धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर. बाईंच्या हातात पत्र होतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, आणखी काय काय दोष दिसले? फळ्यापुढे उभं केल्यासारखं झालं मला. पण आता लपवायचं काय! मुलीला म्हटलं, सांग त्यांना, न्हाणीघराच्या दोन फरशा पोकळ वाजतात आणि मधलं दार खाली घासतं.

बाई हसल्या. म्हणाल्या, दोन राहिले. न्हाणीघराची खिडकी जानेवारीत नीट बंद होत नाही, आणि खालच्या मजल्यावरचा माणूस दर रविवारी ट्रम्पेट वाजवतो, वाईट वाजवतो. अजूनही हवंय?

"येस!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की एजंट दचकला.

बाकीच्यांना सगळं परफेक्ट वाटलं, बाई म्हणाल्या, म्हणजे त्यांनी नीट बघितलंच नाही. घर तुमचं. कधी येता राहायला?

"टुमॉरो," मी म्हणालो.

"दादा, बँकेचे कागद व्हायलाच दोन महिने जातील," एजंट कपाळाला हात लावून म्हणाला. बायको बाईंचा हात धरून मराठीतच काय काय बोलत होती, आणि बाई सगळं कळल्यासारखं ऐकत होत्या. मला काही बसवेना. खिशात टेप नव्हता, म्हणून मी खिडकीशी जाऊन वितीनंच पडद्यांचं माप घ्यायला लागलो.

"अहो," बायको म्हणाली, "बाईंचे पडदे अजून टांगलेत तिथं!"